सरकतं काचेचं दार जड झालंय? तेलाची बाटली आधी बाजूला ठेवा

तुमची तक्रार थोडक्यात अशी: अंगणाकडे उघडणारं काचेचं सरकतं दार, एक पल्ला जागच्या जागी, दुसरा सरकणारा. पूर्वी एका हाताने सहज सरकायचं, आता दोन्ही हात लावून, पाय रोवून ओढावं लागतं. घरातल्या ज्येष्ठांनी तर त्या दाराचा नादच सोडलाय. तेल सोडलं की चार दिवस बरं, मग पहिल्यापेक्षा जड. तेव्हा चाकं बदलावीत की सगळं दारच काढून नवीन बसवावं, असं तुम्ही विचारताय.

दार इतक्यात बदलू नका. अशा दारांत बहुतेक वेळा काच शाबूत असते, चौकटही शाबूत असते. बिघाड असतो तो पल्ल्याच्या पोटात दडलेल्या दोन छोट्या चाकांत, ती ज्यावरून धावतात त्या रेलमध्ये, नाहीतर नुसत्या साचलेल्या घाणीत. क्वचित तो दाराच्या वरच्या तुळईत निघतो आणि तिथे चाकं बदलून काडीचाही उपयोग होत नाही. म्हणून माझा आग्रह एकच आहे: हत्यार हातात घेण्याआधी दार नेमकं कुठे आणि कसं अडतंय ते ओळखा. चुकीच्या जागी केलेली मेहनत तर वाया जातेच, शिवाय जोर लावून ओढत राहिल्याने रेल झिजते आणि दोन चाकांचं काम रेलच्या कामापर्यंत जाऊन पोचतं.

त्या चाकांवर किती भार असतो, याचा आधी अंदाज घ्या. एक चौरस मीटर काचेचं वजन दर मिलिमीटर जाडीमागे अडीच किलो भरतं. पल्ला एक मीटर रुंद आणि २.१ मीटर उंच धरला आणि काच ५ मिलिमीटरची असली, तर नुसती काच २६ किलोंच्या आसपास जाते. दुहेरी काच असेल तर ५२ किलो. त्यात पल्ल्याच्या पट्ट्यांचं वजन वेगळं. हे सगळं ओझं खालच्या दोन टोकांना बसवलेल्या, रुपयाच्या नाण्याहून थोड्याशाच मोठ्या चाकांवर असतं. चाकं फिरतात तोवर हे वजन हाताला जाणवत नाही. ती फिरायची थांबली की तुम्ही दार सरकवत नसता, पन्नास किलोंचं ओझं फरफटत नेत असता.

आता तपासणी. पल्ला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अगदी सावकाश सरकवा आणि हाताला काय लागतं, कानाला काय ऐकू येतं, तिकडे लक्ष द्या. सगळीकडे सारखंच जड लागत असेल आणि खरवडल्यासारखा आवाज येत असेल, तर चाकं जाम झालीत किंवा पल्ल्याची खालची कड रेलवर बसलीय. नेहमी एकाच जागी अडून पुढे मोकळं होत असेल, तर त्या जागी रेलला पोचा आलाय किंवा खडा रुतलाय. सुटताना जड आणि एकदा सुटलं की हलकं, असं असेल तर चाकांना दोष देऊ नका. कडेचं रबर चौकटीला चिकटतंय किंवा कुलपाचा हूक पुरता सुटत नाही. दोन्ही टोकांना मोकळं आणि मधोमध आवळल्यासारखं वाटलं, तर नजर वर न्या. त्याबद्दल पुढे सांगतो.

एक खूण मात्र फार बोलकी आहे. दार सरकताना ठरावीक अंतराने बारीक धक्का बसत असेल, तर त्या धक्क्यांच्या जागी चौकटीवर पेन्सिलने खुणा करा आणि दोन खुणांमधलं अंतर मोजा. ३० मिलिमीटर व्यासाच्या चाकाचा घेर साधारण ९४ मिलिमीटर येतो. दर नऊ-साडेनऊ सेंटिमीटरवर धक्का येत असेल, तर चाक एका बाजूने सपाट झालंय आणि दर फेऱ्याला तीच बाजू रेलवर आपटतेय. दार बराच काळ एकाच जागी उभं राहिलं की नायलॉनची चाकं भाराखाली अशी दबतात. पल्ला न काढता मिळणारं इतकं खात्रीचं निदान दुसरं नाही.

मग दुसरी चाचणी. एकाने हँडलजवळ पल्ल्याची कड दोन्ही हातांनी धरून किंचित वर उचलायची आणि दुसऱ्याने सरकवायचं. उचलल्यावर दार पटकन हलकं झालं, तर दोष खाली आहे: चाकं, त्यांची उंची किंवा रेल. उचलल्यावर ते आणखी आवळलं, तर वरच्या बाजूला जागाच उरलेली नाही, असं समजा.

निदान काहीही निघालं तरी पहिलं काम साफसफाईचंच. खालच्या ट्रॅकमधली माती, वाळू, पानं आधी कोरड्या ब्रशने मोकळी करा आणि व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घ्या. पाणी आधी ओतलंत तर त्याचा चिखल होऊन कोपऱ्यात जाऊन बसतो. मग जुना टूथब्रश आणि साबणाचं कोमट पाणी. तुम्ही वेळोवेळी सोडलेलं तेल इथे काळ्या लेपाच्या रूपात भेटेल. तेलाला धूळ चिकटते, ती चाकाखाली दळली जाते, त्यात अॅल्युमिनियमची झिजून निघालेली भुकटी मिसळते आणि तोच लेप पुढे रेल आणि चाक दोन्ही घासत राहतो. तेल सोडल्यावर चार दिवस बरं वाटून दार आणखी जड का होतं, त्याचं कारण हेच. साबणाला न जुमानणारा चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या फडक्याने पुसून काढा. रॉकेल किंवा पेट्रोल वापरू नका. ते पेटण्याचा धोका आहेच, शिवाय रबराच्या पट्ट्या त्याने फुगतात आणि सैल पडतात.

हे करताना ट्रॅकच्या बाहेरच्या बाजूच्या छोट्या खाचा शोधा. पावसाचं पाणी बाहेर जावं म्हणून त्या ठेवलेल्या असतात आणि हमखास बुजलेल्या सापडतात. काडीने मोकळ्या करा, ट्रॅकमध्ये पेलाभर पाणी ओता आणि ते बाहेर जातंय का ते डोळ्यांनी पाहा. ट्रॅकमध्ये तुंबलेल्या पाण्यात चाकांची बेअरिंग गंजतात. नवीन चाकं घालूनही दार वर्षा-दोन वर्षांत पुन्हा जड होतं, तिथे बऱ्याचदा या खाचांकडे कोणी पाहिलेलंच नसतं.

सफाईनंतर दार सुधारलं, पण पुरतं हलकं झालं नाही, तर उंचीकडे वळा. पल्ल्याच्या दोन्ही उभ्या कडांना, अगदी तळाशी, एक छोटं भोक असतं आणि त्यावर प्लास्टिकची टोपी. काही दारांत ते कडेऐवजी पल्ल्याच्या दर्शनी बाजूला असतं. टोपी काढली की आत स्क्रू दिसतो. तो फिरवला की चाक खाली उतरतं आणि पल्ला वर उचलला जातो. उजवीकडे फिरवल्याने वर जाईल की खाली, हे बनावटीवर अवलंबून आहे, म्हणून पाव फेरा द्या आणि बघा. स्क्रूवर पल्ल्याचा भार असताना तो फिरवू नका, डोक्याची खाच झिजते आणि मग तो निघतही नाही नि बसतही नाही. रुंद पहार किंवा मजबूत लाकडी पट्टी पल्ल्याखाली घालून तरफेसारखी दाबा, भार हलका करा आणि मगच स्क्रू फिरवा.

किती उचलायचं? पुठ्ठ्याची पट्टी पल्ल्याखालून टोकापासून टोकापर्यंत न अडकता जायला हवी, त्याहून फारसं जास्त नको. जास्त उचललंत तर खालचा मऊ केसाळ पट्टा, म्हणजे वूलपाईल, जागा सोडतो आणि फटीतून धूळ आणि किडे आत येतात. पल्ला सरळ उभा आहे का हेही याच वेळी बघा. तो बंद होण्याआधी चौकटीपासून बोटभर अंतरावर थांबवा. फट वरपासून खालपर्यंत सारखी दिसली पाहिजे. खालची फट जास्त असेल तर चौकटीकडचं टोक उचला, वरची जास्त असेल तर दुसरं टोक उचला. पाव-पाव फेऱ्यांनीच जा. स्क्रू फिरतोय पण पल्ला हलत नाही, असं झालं तर चाकाचं घर, म्हणजे चाक ज्यात बसवलेलं असतं ते कोंदण, तुटलंय किंवा गंजून बसलंय. तिथे पल्ला काढण्याला पर्याय नाही.

पल्ला काढणं अवघड नाही, पण एकट्याने मुळीच करू नका. दोघं हवेत, दोघांच्या हातात मोजे आणि पायात बूट हवेत. आधी वरच्या खाचेत पहा. चोराने बाहेरून पल्ला उचलून काढू नये म्हणून तिथे प्लास्टिकचा किंवा धातूचा ठोकळा बसवलेला असतो, तो सोडवा. जाळीचा पल्ला आड येत असेल तर तो उतरवा. मग खालचे दोन्ही स्क्रू उलटे फिरवून चाकं पूर्ण आत घ्या. आता दोघांनी मिळून पल्ला सरळ वरच्या खाचेत उचलायचा, खालची कड रेलच्या वर आली की ती आपल्याकडे ओढायची आणि पल्ला खाली घ्यायचा. बहुतेक दारांत सरकता पल्ला आतल्या रेलवर असतो आणि घरात निघतो. तो बाहेरच्या रेलवर असेल तर आधी स्थिर पल्ला सोडवावा लागतो. पल्ला थोडक्यासाठी अडत असेल तर चाक आत गेलेलं नाही; पातळ पट्टीने ते वर दाबून धरा. जोर लावू नका.

उतरवलेला पल्ला कधीही उघड्या फरशीवर टेकवायचा नाही. टफन काच, म्हणजे तापवून कणखर केलेली काच, मधोमध बराच मार सोसते, पण कडेला आणि कोपऱ्याला फरशीचा छोटा ठोका बसला तरी आख्ख्या काचेचा चुरा होतो. जुन्या दारात साधी काच असेल तर तिचे धारदार तुकडे पडतात आणि ते जास्त घातक. म्हणून दोन लाकडी पट्ट्यांवर जुनी चादर टाका आणि पल्ला भिंतीला किंचित कलता उभा करा. आडवा झोपवू नका.

आता चाक तुमच्या समोर आहे. ते काढण्याआधी आसाकडे नीट पाहा. केस, दोरे, पाळीव प्राण्यांची लव आसाभोवती घट्ट गुंडाळलेली सापडते. इतकी घट्ट, की ती ब्लेडने कापूनच काढावी लागते. कधी कधी दोष एवढाच असतो. केस काढून चाक बोटाने फिरवा. ते आवाज न करता सहज गरगर फिरलं, डगमगलं नाही आणि कड गोल असेल, तर तेच चाक परत बसवा. खरखर लागली, अडखळलं किंवा आसावर हललं, तर बदला. जाम झालेलं बेअरिंग धुऊन-पुसून चालू करण्यात मला राम वाटत नाही. पल्ला उतरवण्याचे कष्ट तुम्ही घेतले आहेत, तेच कष्ट थोड्या महिन्यांत पुन्हा घ्यावे लागतील. आणि चाकं नेहमी जोडीने बदला. एक नवीन आणि एक झिजलेलं ठेवलं की पल्ला तिरका होतो आणि सगळा भार एकाच टोकावर येतो.

नवीन चाक घेताना जुनं सोबत न्या, नुसत्या दाराच्या कंपनीच्या नावावर विसंबू नका. चाकाचा व्यास, जाडी, कडेला खाच आहे की कड फुगीर आहे, चाकाच्या घराची रुंदी, उंची आणि स्क्रूची जागा, सगळं जुळलं पाहिजे. घर एखादा मिलिमीटर जरी रुंद असलं तरी ते पल्ल्याच्या पोकळीत शिरत नाही. नायलॉनचं चाक आवाज कमी करतं आणि अॅल्युमिनियमच्या रेलला सांभाळून घेतं, पण जड पल्ल्याखाली दबतं. स्टीलचं चाक भार पेलतं, पण उघड्या अॅल्युमिनियमवर चालवलं तर रेल खातं. दुहेरी काचेच्या पल्ल्याला मी स्टेनलेस स्टीलच्या बेअरिंगचा, एका घरात दोन चाकं असलेला संच घेईन. वजन चार ठिकाणी विभागलं जातं. एकेरी काचेला चांगलं नायलॉन पुरतं. संचावर किती किलोंसाठी आहे ते लिहिलेलं असतं. वर सांगितलेला हिशेब करून पल्ल्याचं वजन काढा आणि त्याहून वरचा संच घ्या.

पल्ला बाहेर असतानाच रेल तपासा, कारण रेल उघडी मिळण्याची ही एकमेव संधी आहे. रेलचा माथा फडक्याने पुसून त्यावरून नख फिरवा. डोळ्यांना गुळगुळीत दिसणाऱ्या रेलवर नखाला खाचा लागतात. माथा मुळात गोल असतो. जाम चाक वर्षानुवर्षं घासत राहिलं की तो चपटा होतो, त्याच्या कडा बाजूला वळतात आणि त्या कुरतडलेल्या कडांत नवीन चाकही अडखळतं. नवीन चाकं घालूनही दार सुधारलं नाही, असं सांगणाऱ्यांच्या घरी मी आधी रेलवरून नख फिरवतो.

छोटा पोचा किंवा वर आलेली कड असेल तर बारीक कानस हलक्या हाताने चालवा, त्यावर बारीक पॉलिश पेपर फिरवा आणि भुकटी पुसून घ्या. रेल कुठे वाकली असेल तर पकडीच्या जबड्यांत लाकडाचे तुकडे धरून ती थोडी थोडी सरळ करा. अॅल्युमिनियम पुढे-मागे वाकवत राहिलं की चिरतं, म्हणून एका दिशेने आणि सावकाश. माथाच झिजून गेला असेल तर रेल उखडायची गरज नाही. तिच्यावर बसवायची स्टेनलेस स्टीलची पातळ टोपी-पट्टी मिळते. रेल पूर्ण स्वच्छ करा, पट्टी मापाला कापून तिची टोकं कानशीने मऊ करा, एका टोकापासून लाकडी ठोकळा ठेवून हळूहळू ठोकत बसवत जा. मध्ये कुठे पोकळ राहिली तर तिथे दार वाजतं. या पट्टीने रेल थोडी रुंद आणि उंच होते, म्हणून चाकाची खाच तिच्यावर नीट बसते का हे पल्ला चढवण्याआधी सुटं चाक फिरवून पाहा.

आता मधोमध आवळणाऱ्या दाराबद्दल. चौकटीच्या आतली उंची डाव्या टोकाला, उजव्या टोकाला आणि मध्यावर मोजा. मध्यावर ती टोकांपेक्षा तीन मिलिमीटरने किंवा त्याहून जास्त फरकाने कमी भरली, तर वरची पट्टी खाली झुकलीय किंवा उंबरा वर आलाय. वरच्या पट्टीलगत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणून धरली की दोन्हींपैकी काय झालंय ते कळतं. दार बसवून थोडेच दिवस झाले असतील, तर चौकट आणि भिंत यांच्यामध्ये जास्त भरलेल्या फोमने पट्टी दाबली असण्याची शक्यता मोठी. फोम कापून काढला की ती बरीचशी मागे जाते. दार जुनं असेल आणि झोक वाढत चालला असेल, दाराच्या वरच्या कोपऱ्यांतून भिंतीला तिरके तडे जात असतील, तर तुळई भाराखाली वाकतेय. अशा वेळी पल्ला तासून किंवा चाकं आत घेऊन वेळ मारून नेऊ नका. स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवा. तो भार काचेवर उतरला तर काच फुटेल, आणि तडे भिंतीबद्दल सांगताहेत ते दाराच्या दुरुस्तीपेक्षा कितीतरी महत्त्वाचं आहे.

दार सकाळी हलकं आणि दुपारी जड होत असेल, तर ती बहुधा उष्णतेची करामत. यूपीव्हीसीची, म्हणजे कडक प्लास्टिकची, दोन मीटरची पट्टी ३० अंशांच्या फरकाने साधारण चार मिलिमीटर वाढते, अॅल्युमिनियमची जेमतेम दीड. यूपीव्हीसीच्या पल्ल्याची उंची म्हणूनच दुपारच्या उन्हात ठरवा. लाकडी चौकट पावसाळ्यात फुगते. तिथे रंग किंवा पॉलिशने उघडी कड बंद करणं हाच खरा उपाय.

हँडल फिरवल्यावर पल्ला आधी वर उचलला जातो आणि मग सरकतो, अशी काही वजनदार दारं असतात. तुमचं तसं असेल तर वरचं पुष्कळसं लागू नाही. बिघाड उचलण्याच्या यंत्रणेत असतो आणि ती उघडण्याचं काम माहितगाराकडेच द्या.

सगळं जागेवर बसल्यावर, रेल कोरडी आणि स्वच्छ असताना, शेवटी वंगण. कोरडा सिलिकॉन स्प्रे किंवा पीटीएफई (टेफ्लॉन) स्प्रे घ्या, तो फडक्यावर मारा आणि रेलवर पातळ पुसा. कडेच्या रबरालाही तेच फडकं फिरवा. सुटताना चिकटणारं दार त्यानेच मोकळं होतं. स्प्रे थेट मारलात तर तो फरशीवर उडतो आणि तिथून येणारा-जाणारा घसरतो. ज्येष्ठ माणसं त्याच दारातून जातात, हे विसरू नका.

पल्ला उचलला गेलाय म्हणजे कुलपाचा हूकही तितकाच वर गेलाय. तो चौकटीवरच्या पट्टीत बरोबर बसत नसेल तर पल्ला खाली आणू नका. पट्टीचे दोन स्क्रू सैल करा, ती तितकीच वर सरकवा आणि पुन्हा आवळा. वरचा ठोकळा परत बसवायला मात्र बहुतेक जण विसरतात. तो लावल्यावर दार बंद करून पल्ला दोन्ही हातांनी जोरात वर उचलून बघा. खालची कड रेलवरून सुटत असेल, तर ठोकळा आणखी खाली घ्या.